माशांना वारा घालण्याची शास्त्रोक्त पद्धत

वैशाख लागला की पुण्यातल्या घरांत दोन प्रकारचे जीव तोंड उघडून बसतात. माणसं, कारण वीज गेलेली असते. आणि टाकीतले मासे, कारण पाणी ३२ अंशांवर गेलेलं असतं. पाणी जितकं तापेल तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी, म्हणून बिचारे वर येऊन पृष्ठभाग चाटत बसतात. गोल्डफिश तर मुळातच थंड पाण्याचा मासा. महाबळेश्वरच्या माणसाची मे महिन्यात जळगावला बदली व्हावी, तशी त्याची गत. अशा वेळी टाकीच्या झाकणात दोन पंखे बसवणं हे गृहस्थाचं कर्तव्य ठरतं. दिवाणखान्यातला पंखा गेली तीन वर्षं फक्त पाचवर चालतो, हा विषय इथे कुणी काढू नये.

कॉम्प्युटरच्या डब्यात असतात तसले ८० मिलिमीटरचे, १२ व्होल्टचे दोन पंखे तापकीर गल्लीतून आणावेत. अ‍ॅडॅप्टर मात्र विकत आणू नये. प्रत्येक मराठी घरात चकल्यांचा एक जुना डबा असतो आणि त्यात चकल्या सोडून सगळं असतं : निवर्तलेल्या फोनांचे चार्जर, तीन राउटरांचे अ‍ॅडॅप्टर आणि कशाचं तरी काहीतरी. त्यांच्या पाठीवरची मुंगीच्या पावलांची अक्षरं वाचायला घरातलं शाळकरी मूल बोलवावं. 'आउटपुट १२ व्होल्ट डीसी, १ अँपिअर' असं सापडलं की थांबावं. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा घेऊ नये. त्यावर पंखा फिरेल, फार सुंदर फिरेल, थोडा वेळ.

आता शेजारचे काका येऊन म्हणतील, एक अँपिअर म्हणजे जास्त होतो, पंखे जळतील. त्यांना चहा द्यावा. पंख्यावर ०.१५ अँपिअर लिहिलं असेल तर तो तेवढाच ओढतो. डब्यात दहा पोळ्या आहेत म्हणून कुणी दहा खात नाही. मेहुण्यांचा अपवाद धरूनही नियम टिकतो.

पंख्यातून बहुधा तीन तारा निघतात. लाल धन, काळी ऋण. पिवळी तार पंखा किती वेगाने फिरतोय याची बातमी कॉम्प्युटरला देते. माशांना ती चौकशी नसते, म्हणून तिच्या तोंडाला टेप लावून बाजूला ठेवावी. अ‍ॅडॅप्टर बोर्डातून काढून मगच त्याची पिन कापावी. आत दोन्ही तारा काळ्या निघतील. पांढरी रेघ असलेली बहुतेक वेळा धन असते, पण 'बहुतेक' या शब्दावर पंखे लावू नयेत, मीटर लावून बघावं. सोसायटीच्या वायरमनला बोलावलंत तर तो टेस्टर लावेल. १२ व्होल्टवर त्याचा दिवा लागत नाही, तेव्हा 'यात करंटच नाही' असं सांगून तो पन्नास रुपये घेऊन जाईल.

दोन पंख्यांच्या लाल तारा एकत्र, काळ्या एकत्र : शाळेत जिला समांतर जोडणी म्हणत, ती हीच. एकामागे एक, म्हणजे एकसर जोडले तर १२ व्होल्ट दोघांत वाटले जातात. मग एक रडतखडत फिरतो आणि दुसरा त्याच्याकडे बघत बसतो. ही व्यवस्था सरकारी कार्यालयात चालते, टाकीवर चालत नाही. सांधे डाग देऊन, वरून नळी चढवून बंद करावेत. झाकणाखाली सतत दमट असतं.

पंख्याच्या कडेवर वाऱ्याची दिशा दाखवणारा बारीकसा बाण असतो. तो पाण्याकडे ठेवावा. उलट बसवला तर सगळी दमट हवा मोटरमधून बाहेर पडते. पंखा पाणी गार करतो तो माठाच्याच न्यायाने, वाफ उडवून. १०० लिटरमधलं एक लिटर उडालं तर हिशेबाने साडेपाच-सहा अंश उतरायला हवेत. पण खोलीची उष्णता मागच्या दाराने परत येत असते, म्हणून प्रत्यक्षात दोन-तीन अंश पदरात पडतात. मुंबईच्या दमट हवेत त्याहून कमी, आणि आषाढात तर पंख्याचा आवाज तेवढा मिळतो. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घालावी, कारण क्षार टाकीतच राहतात. घरच्यांना हे बादली घेऊन जातानाच कळू द्यावं, आधी नाही.

एका बाबतीत मात्र थट्टा नको. अ‍ॅडॅप्टर झाकणावर ठेवू नका. बोर्ड टाकीपासून दूर हवा, आणि तारेला बोर्डाच्या खाली झोळ हवा, म्हणजे तारेवरून ओघळलेला थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो, बोर्डात शिरत नाही.

आमच्याकडे पंखे लागून आठवडा झाला. पाणी २९ वर आहे. दुपारी आई खुर्ची टाकीशेजारी ओढून बसते. त्यातला एक बाहेरच्या अंगाला वळवता येईल का, असं तिने काल विचारलं. बाण बघून सांगतो म्हटलं.