पराभवाचे वतन खालसा

शिकागो शहराच्या उत्तर भागातील रहिवाशांच्या वहिवाटीत 108 वर्षे निर्वेधपणे चालत आलेले पराभवाचे वतन बुधवारी रात्री क्लीव्हलंड मुक्कामी खालसा झाले, आणि शुक्रवारी, दिनांक 4 नोव्हेंबर 2016 रोजी, त्याची मिरवणूक खुद्द वतनदारांनीच निळ्या पताका फडकावीत काढली. हा समारंभ प्रस्तुत लेखकाने मिशिगन अव्हेन्यूच्या कडेला उभे राहून, पुढील गृहस्थाच्या खांद्यावर बसलेल्या बालकाच्या दोन बुटांमधून जेवढा दिसला तेवढा अवलोकन केला.

शिकागो कब्ज या बेसबॉल संघाने विश्वविजेतेपद (विश्व म्हणजे अमेरिका आणि सोबतीला टोरांटो) यापूर्वी 1908 साली मिळविले होते. त्यानंतर 1945 पर्यंत अंतिम मालिकेत सात वेळा जाऊन सातही वेळा हरून त्याने या मिळकतीचा पाया भक्कम केला. परंतु वतनाला सनद लागते, ती एका बोकडाने दिली. 1945 च्या त्या मालिकेत बिली सायनिस नामक मद्यगृहाच्या मालकास त्याच्या मर्फी या बोकडासह संघाच्या रिग्ली फील्ड या मैदानातून बाहेर काढण्यात आले आणि त्याने संघास शाप दिला, अशी आख्यायिका आहे. तेव्हापासून पिचरचा दमलेला बाहू, क्षेत्ररक्षकाच्या हातून निसटलेला चेंडू आणि मालकांचा आखडता हात, या साऱ्यांची चौकशी कायमची दफ्तरदाखल झाली. बोकडापूर्वीच्या 37 वर्षांच्या अपयशाचे उत्तरदायित्व कोणाकडे, असे विचारणाऱ्यास या खेळातले काही कळत नाही, असे येथे समजतात. ‘पुढच्या वर्षी बघू’ हे आश्वासन पणजोबांनी आजोबांना, आजोबांनी नातवांना दिले. आपणही गणपतीला पुढच्या वर्षीचे आमंत्रण देतोच. पण तो येतो.

शहराच्या अंमलदारांनी मिरवणूक आणि सभा मिळून उपस्थितांची संख्या पन्नास लाख सांगितली. शहराची लोकसंख्या सुमारे सत्तावीस लाख. तेव्हा पाळण्यातील प्रत्येक अर्भक, रुग्णशय्येवरील प्रत्येक वृद्ध आणि दक्षिण भागातील व्हाइट सॉक्स संघाचा प्रत्येक कडवा अभिमानी हजर धरला, तरी तेवीस लाख माणसे बाहेरून आणावी लागतात. (व्हाइट सॉक्सने 2005 साली, 88 वर्षांच्या प्रतीक्षेनंतर, हेच अजिंक्यपद याच शहरात आणले होते, ती वार्ता उत्तर भागात अद्याप पोहोचावयाची आहे.) शिकागो नदी त्या दिवशी निळ्या रंगाने रंगविली होती. जिने 1900 साली अभियंत्यांच्या हुकमाबरोबर आपला प्रवाह उलटा वळवून घेतला, तिला रंगाची काय मातब्बरी?

उघड्या टपाच्या दुमजली बसगाड्यांतून खेळाडू येत, हात हलवीत, आणि ज्यांनी आयुष्यात बॅट हाती धरली नसेल असे माझे शेजारी गद्गदित होऊन एकमेकांस ‘आपण जिंकलो’ असे सांगत. त्यांचा हा हक्क मी नाकारीत नाही. तिकिटाचे पैसे त्यांनीच भरले होते. रिग्ली फील्डच्या विटांच्या भिंतीवर तर लोकांनी हा दिवस न पाहता निवर्तलेल्या आईबापांची नावे खडूने लिहून काढली होती. त्या वारसनोंदींची थट्टा करण्याचे धाडस मला झाले नाही.

ग्रँट पार्कमधील सभेत मात्र मिळकतीचा निकाल रीतसर लागला. ज्या चेंडूने अखेरचा गडी बाद झाला तो कब्जचा खेळाडू अँथनी रिझो याने झेलून विजारीच्या मागील खिशात जपून ठेवला होता. तो त्याने सर्वांसमक्ष संघाचे मालक टॉम रिकेट्स यांच्या स्वाधीन केला. 108 वर्षांचे दुःख ज्यांच्या मालकीचे होते त्या रयतेने आनंदाचा हा मुद्देमाल सावकाराकडे जमा होताना पाहिला आणि टाळ्यांचा कडकडाट केला.

वतन खालसा झाले तरी सरकारजमा झालेले नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. मालिकेत तीन विरुद्ध एक अशी आघाडी घेऊन लागोपाठ तीन सामने गमावण्याची, आणि सातवा सामना पावसाच्या व्यत्ययानंतर दहाव्या डावात 8-7 असा हरण्याची कसोशी क्लीव्हलंडच्या संघाने केली. त्याचे अखेरचे अजिंक्यपद 1948 सालचे; सबब दीर्घतम प्रतीक्षेचा मान 68 वर्षांच्या वहिवाटीसह 2016 साली त्याच्या नावे दाखल झाला. बोकडाची तजवीज त्यांनी आपली आपण करावी.