घरात झाडू, जंगलात कॅमेरा

कोळ्याचं नशीब तो कुठे दिसतो त्यावर ठरतं. स्वयंपाकघरात दिसला तर झाडू, न्हाणीघरात दिसला तर किंकाळी आणि आंबोलीच्या जंगलात दिसला तर कॅमेरा. घरी कपाटामागून आठ पाय डोकावले की खुर्चीवर चढणारा आमचा एक मित्र पावसाळ्यात रजा टाकून आंबोलीला जातो. रात्री भर पावसात बॅटरी घेऊन रस्त्याकडेच्या दरडीतल्या बिळापुढे उकिडवा बसतो आणि केसाळ टॅरँटुलाने दर्शन द्यावं म्हणून श्वास रोखून धरतो. वर गाइडला पैसे मोजतो. तोच कोळी घरपोच आला असता, तर याने वॉचमनला हाक मारली असती.

पावसाळा सरत आला की सह्याद्रीतल्या पायवाटांवर ‘पुढे कोण?’ हा नाजूक प्रश्न उभा राहतो. पहिल्या भिडूला जाळी तोंडावर घ्यावी लागतात. एरवी वाटेवरून हुज्जत घालणारे जुने ट्रेकर अशा वेळी कमालीचे विनयशील होतात. ‘तू हो पुढे, तुझा दम चांगला आहे,’ म्हणतात. दोन झाडांच्या मध्ये पायांसकट तळहाताएवढी भरेल अशी वनकोळ्याची मादी बसलेली असते. तिचे धागे उन्हात चक्क सोनेरी दिसतात. जाळ्याच्या कडेला नखाएवढा नर अंग चोरून असतो; या संसारात आवाज कोणाचा, हे विचारावं लागत नाही. दुसरा एक कोळी जाळ्याच्या मधोमध पांढरी नागमोडी नक्षी काढतो, म्हणून त्याला ‘सिग्नेचर स्पायडर’ म्हणतात. ही नक्षी किडे ओढण्यासाठी की पक्ष्यांनी जाळं चुकवावं म्हणून, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. आपण मात्र सहीशिक्क्याचा तो दस्तऐवज काठीने फाडून पुढे जातो.

घरातल्या कोळ्यांना एवढंही कौतुक लाभत नाही. रात्री भिंतीवर दिसणारा मोठा, चपटा, तपकिरी कोळी जाळं विणतच नाही. तो झुरळांच्या मागावर असतो. आपण झुरळांसाठी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावतो आणि त्याच्या स्वागतासाठी आधी याला मारतो. छताच्या कोपऱ्यातला काटकुळ्या पायांचा कोळी धक्का लागताच जाळ्यासकट गदगदा हलतो. तेवढाच त्याचा दरारा. उडी मारणारा चिमुकला कोळी तर समोरच्या दोन टपोऱ्या डोळ्यांनी आपल्याकडे वळून पाहतो आणि लॅपटॉपवर चढला की कर्सरच्या मागे धावतो. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या याच कुळातल्या एका नव्या जातीचं नाव २०२१ मध्ये ‘आयशियस तुकारामी’ ठेवलं गेलं. २६/११ला कसाबची बंदूक मरेपर्यंत न सोडणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. एवढं मोठं नाव लावणाऱ्या कुळावर चप्पल उगारताना हात थोडा तरी अडखळावा.

‘पण अंगावर कोळी चिरडला की चट्टे उठतात त्याचं काय?’ हा घरोघरचा आरोप. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर जळजळणारा लाल पट्टा दिसतो, तेव्हा बहुतेकदा गुन्हेगार वेगळाच असतो. ट्यूबलाइटवर येणारा, काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा, मुंगीसारखा दिसणारा एक बारीक भुंगेरा अंगावर चिरडतो आणि त्याच्या शरीरातल्या द्रवाने कातडी पोळते. तो रात्रीच मरून पडलेला असतो, त्यामुळे सकाळी छतावर जो हजर असेल त्याच्या नावावर गुन्हा नोंदवला जातो.

दिवाळीची जळमटं जरूर काढावीत. त्यांतली बरीचशी जाळी रिकामीच असतात. घरमालक जागेवर असेल तर त्याच्यावर काचेचा ग्लास पालथा घालावा, खालून एखादी जाड लग्नपत्रिका सरकवावी आणि त्याला खिडकीबाहेरच्या कुंडीत सोडून यावं. ट्रेकला जाळं आडवं आलं तर वाकून खालून जावं. सह्याद्रीत तसंही वाकून चालण्यात कमीपणा नाही.