सहा रात्री, सात दिवस, बावीस पॉइंट

दिवाळी संपली की वर्तमानपत्रांची शेवटची पानं निळी होतात. निळं पाणी, पांढरी वाळू, एक वाकलेला माड आणि त्या माडाच्या बुंध्याशी ठळक अक्षरांत ‘संपूर्ण महाराष्ट्रीय भोजन’. अंदमानचा हंगाम सुरू झाल्याची ही खूण. मुंबई-पुण्याहून आधी चेन्नई किंवा कोलकाता गाठायचं, तिथून पुढे बंगालच्या उपसागरावरून सुमारे तेराशे किलोमीटर उडायचं, आणि हे सगळं करून दुपारी एक वाजता वरण-भातावर तुपाची धार पडलेली पाहायची, याची लेखी हमी तिथे मिळते.

मराठी ग्राहक मात्र इतक्यात विरघळत नाही. पर्यटनाचं त्याचं शिक्षण माथेरान आणि महाबळेश्वर या दोन पाठशाळांत झालेलं असल्यामुळे पत्रक हातात आलं की तो समुद्र बघत नाही, पॉइंट मोजतो. एका कंपनीचे एकोणीस भरतात, दुसरीचे बावीस. बावीसवाली दोन हजारांनी स्वस्त. बावीसमध्ये ‘फिनिक्स बे जेट्टीवरून प्रस्थान’ हा एक पॉइंट आणि ‘जेट्टीवर आगमन’ हा दुसरा, हे नंतर कळतं. तोवर पैसे भरलेले असतात आणि गळ्यात ओळखपत्र आलेलं असतं.

तिथे पोचल्यावर पहिलं भांडण होतं ते सूर्यावरून. अंदमान मुंबईच्या वीस रेखांश पूर्वेला आहे, पण घड्याळ आपलंच. त्यामुळे डिसेंबरात तिथे संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. घड्याळ भारताचं आणि सूर्य ब्रह्मदेशाचा, असा कारभार. चारला वामकुक्षी आटोपून, चहा घेऊन, केस विंचरून मंडळी सनसेट पॉइंटला जायला खाली उतरतात तेव्हा आकाशात उरलेलं असतं ते फक्त बिल.

“काका, इथे लवकर मावळतो,” टूर मॅनेजर नम्रपणे सांगतो.

“मग तसं पत्रकात छापायला हवं होतं,” काका म्हणतात. मुद्दा बिनतोड आहे. सूर्योदयही पाच-साडेपाचलाच असतो आणि तो पत्रकात ‘मोफत’ या सदरात टाकायला काहीच हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सेल्युलर जेल. इथे मात्र मराठी माणूस मनापासून येतो, हे आधी कबूल केलं पाहिजे. बाकी पॉइंट खर्च वसूल करण्यासाठी असतात. हा एक पॉइंट असा आहे, की त्यासाठी आजी गुडघ्याला पट्टा बांधून तीन मजले चढते. १९०६ साली बांधून पुरा झालेला हा तुरुंग. मधल्या मनोऱ्यातून निघालेल्या सात लांबलचक इमारती आणि त्यांत सुमारे सातशे कोठड्या. एकाला दुसऱ्याचं तोंड दिसू नये म्हणून प्रत्येक इमारतीची पुढची बाजू दुसरीच्या पाठीकडे. आता त्यांतल्या तीनच उरल्यात. तिसऱ्या मजल्याच्या टोकाला सावरकरांची कोठडी. १९११ साली ते इथे आले तेव्हा सख्खे थोरले भाऊ बाबाराव याच तुरुंगात होते आणि बराच काळ एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. आता त्याच कोठडीसमोर रांग लागते आणि रांगेत जाऊ-जाऊ, व्याही-व्याही एकमेकांना मोठमोठ्याने हाका मारत असतात.

आत गेल्यावर कुणाचा तरी आवाज भरून येतो आणि ‘सागरा प्राण तळमळला’ सुरू होतं. डोळे पाणावतात, माझेही पाणावतील. ती कविता सावरकरांना इंग्लंडात ब्रायटनच्या किनाऱ्यावर सुचली, अंदमानला जाण्याच्या दोन वर्षं आधी, १९०९ साली. पण हे त्या क्षणी सांगणारा माणूस पुढच्या सहलीत कुणालाच नको असतो. त्यामुळे गाइड गप्प राहतो. शिवाय मॅनेजरने दिलेली वीस मिनिटं संपत आलेली असतात.

त्या वीस मिनिटांचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. बारा मिनिटं कोठडी. चार मिनिटं कोलूपाशी. बैलाने फिरवायचा घाणा इथे माणूस फिरवायचा, आणि दिवसाला तीस पौंड खोबरेल काढल्याशिवाय सुटका नव्हती. तीस पौंड म्हणजे साडेतेरा किलो. तो आकडा ऐकून एक काकू हळहळतात आणि लगेच विचारतात, “घाण्याचं तेल इथे कुठे मिळतं हो?” तीन मिनिटं फाशीघर, दोराजवळ उभं राहून फोटो. हसायचं की नाही याबद्दल कुटुंबात एकमत होत नाही, म्हणून दोन्ही प्रकारचे काढले जातात. उरलेलं एक मिनिट नावांच्या संगमरवरी पाट्यांना. प्रांतवार याद्या आहेत. त्यांत बंगालची यादी संपता संपत नाही, आणि आपल्याकडचा माणूस त्या यादीवरून बोट फिरवत महाराष्ट्र शोधतो, दहावीच्या निकालात पोराचा नंबर शोधावा तसा. छळ असह्य होऊन १९१२ साली कोठडीत गळफास घेतलेले इंदुभूषण रॉय, १९३३च्या उपोषणात नाकात नळी खुपसून दूध ओतताना जीव गेलेले महावीर सिंह, मोहित मोइत्रा हे सगळे त्याच पाट्यांवर आहेत. समोरच्या बागेत सावरकरांबरोबर आणखी काही जणांचे पुतळे उभे केलेत. मंडळी सावरकरांपाशी फोटो काढतात. बाकीचे वाट पाहतात. बसचा हॉर्न वाजतो.

मग बोट. बोटीत ओकारीची गोळी वाटली जाते आणि दीड-दोन तासांत हॅवलॉक येतं. म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक. २०१८च्या डिसेंबरात त्याचं स्वराज द्वीप झालं, शेजारच्या नीलचं शहीद द्वीप, आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४मध्ये श्री विजयपुरम. चांगलंच झालं, सत्तावन्नच्या बंडात आपली माणसं मारणाऱ्या इंग्रज सेनापतींची नावं त्या बेटांना होती. फक्त बोटीच्या तिकिटावर एक नाव, हॉटेलच्या पाटीवर दुसरं आणि मॅनेजरच्या तोंडात तिसरं, यामुळे एका आजोबांनी आपल्याला दोन बेटं कमी दाखवली अशी तक्रार केली, ती अजून मिटलेली नाही.

इथला राधानगरचा किनारा २००४ साली ‘टाइम’ नियतकालिकाने आशियातला सर्वोत्तम ठरवला. त्याला वीस वर्षं उलटून गेली तरी निकाल तोच सांगितला जातो. आपल्याकडे सुवर्णपदकाचा विद्यार्थी निवृत्त होईपर्यंत सुवर्णपदकाचाच राहतो, त्यातला प्रकार. किनारा मात्र खरोखर तसाच आहे, त्याबद्दल विनोद करणार नाही. विनोद एलिफंट बीचवर होतो. “हत्ती कुठायत?” हा तिथला पहिला प्रश्न. पूर्वी लाकूडतोडीसाठी आणलेले हत्ती या बेटांवर होते, काही तर समुद्रात पोहायचे. त्यांतला शेवटचा नावाजलेला, राजन, २०१६ साली गेला. हे ऐकून मंडळी दुःखी होतात आणि मग हा पॉइंट अर्धाच धरायचा का, यावर चर्चा होते.

साहस म्हणजे स्कूबा. या साहसाचा बहुतांश भाग कागदावर सह्या करण्यात जातो. उरलेल्या भागात प्रशिक्षक तुमच्या पाठीवरची टाकी मागून धरतो आणि मांजरीने पिल्लू न्यावं तसं तुम्हाला पाण्याखाली फिरवून आणतो. तुम्ही फक्त नाक दाबायचं आणि खुणा लक्षात ठेवायच्या. गोम तिथेच आहे. पाण्याखाली अंगठा वर केला की त्याचा अर्थ ‘मला वर न्या’. ‘छान चाललंय’ म्हणायला तर्जनी आणि अंगठ्याची टोकं जुळवायची असतात. आपल्या काकांनी सबंध आयुष्य व्हॉट्सॲपवर अंगठा वर करण्यात घालवलेलं. खाली गेल्यावर पहिला पिवळा मासा दिसतो, काका आनंदाने अंगठा दाखवतात, प्रशिक्षक त्यांना इमानेइतबारे वर आणतो. पुन्हा खाली. पुन्हा मासा. पुन्हा अंगठा. व्हिडिओत काका लिफ्टमध्ये बसल्यासारखे दिसतात.

पाण्याखाली प्रवाळ असतं आणि ते दगड नसून जिवंत प्राण्यांची वसाहत असते, ही माहिती सह्यांच्या कागदावर बारीक अक्षरांत आहे. २०१० साली समुद्र तापला तेव्हा अंदमानचं पुष्कळसं प्रवाळ पांढरं पडलं; पांढरं पडणं ही त्याची मरणाच्या दारातली अवस्था. मेलेल्याचे तुकडे वाळूत पडलेले असतात. ते उचलून नेणं गुन्हा आहे, असे फलक जागोजागी आहेत, आणि त्या फलकांच्या सावलीतच काकूंची पिशवी भरते. देव्हाऱ्यात शाळिग्रामाशेजारी शोभेल, असा हेतू. शेवटी विमानतळावर यंत्रातून सामान जाताना सगळे तुकडे बाहेर निघतात. इतक्या लोकांसमोर पिशवी उपसावी लागणं, हा पत्रकात न छापलेला तेविसावा पॉइंट.

जेवणाकडे वळू. चारी बाजूंनी समुद्र, बाजारात टुना, सुरमई, कोळंबी, खेकडे, आणि पूर्व बंगालातून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या तिथे मासे शिजवतायत. मोहरीचा झणका असलेला पातळ रस्सा, वाफाळता भात, वर एक हिरवी मिरची. हे रस्त्याच्या अलीकडे. पलीकडे हॉटेलच्या भोजनकक्षात आपली मंडळी: बटाट्याची भाजी, कोशिंबीर, जिलबी आणि गोल पोळी. बेटावर बराचसा भाजीपाला, कांदे-बटाटे मुख्य भूमीवरून जहाजाने येतात. म्हणजे जो बटाटा आपण नाशिक-पुण्यात चालत जाऊन आणू शकलो असतो, तो समुद्र ओलांडून आपल्या आधी तिथे येऊन थांबलेला असतो. शाकाहारी लोकांचं मी समजू शकतो. पण मालवणकडचे एक गृहस्थ चार दिवस पनीर खाऊन राहिले, कारण ‘बाहेरचं मासळीचं काही खरं नाही, आपल्याकडची ताजी असते’. समोरच्या धक्क्यावर त्याच वेळी होडी लागत होती.

आता पॉइंट क्रमांक सतरा. याबद्दल हलकंफुलकं लिहिणं जमत नाही, तरी लिहितो. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी पाहायला पहाटे तीनला उठवतात. ज्वालामुखी म्हणजे राखाडी चिखलात अधूनमधून येणारा बुडबुडा. तो पाहून परतणाऱ्यांचे चेहरे हा तिथला खरा देखावा. पण तीनला उठण्याचं कारण ज्वालामुखी नसतंच. रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या फाटकाशी गाड्यांचा ताफा जमतो आणि पोलिसांच्या बंदोबस्तात निघतो. थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, खायला काही द्यायचं नाही. २०१२ साली इथल्या जारवा बायकांना खाण्याच्या बदल्यात नाचायला लावल्याचा व्हिडिओ जगभर गेला होता. त्याच्याही आधी, २००२ साली, सर्वोच्च न्यायालयाने राखीव क्षेत्रातला हा रस्ता बंद करायला सांगितलं होतं. रस्ता चालू आहे. पत्रकात लिहितात, ‘वाटेत आदिवासी दिसण्याची शक्यता’, अगदी ताडोब्याच्या जाहिरातीत वाघाबद्दल लिहितात त्या शब्दांत. आणि परतल्यावर जेवणाच्या टेबलावर पहिला प्रश्न, “तुमच्या गाडीला दिसले का हो?” ज्यांना दिसले ते कॉलर ताठ करतात. ज्यांना नाही दिसले ते पाचपैकी तीन तारे देतात. काही हजार वर्षं त्या जंगलात राहणारी काही शे माणसं रोज सकाळी काचेला नाक लावलेल्या टोप्यांची रांग पाहतात. त्यांनी आपल्याला किती तारे दिलेत, ते कुणी विचारलेलं नाही.

सहलींना आपलं खरं मत कळवण्याची पद्धत उत्तर सेंटिनल बेटाने तेवढी टिकवून ठेवली आहे. तिथे पत्रक पोचत नाही, पाहुणा पोचलाच तर बाण येतो. तरीही २०२५ साली एक परदेशी पाहुणा लपूनछपून किनाऱ्याला लागला आणि भेट म्हणून नारळ आणि शीतपेयाचा डबा ठेवून आला. नारळ! अंदमानात! त्याला पोलिसांनी पकडलं ते बेकायदा प्रवेशासाठी.

आणखी दक्षिणेला ग्रेट निकोबारवर बंदर, विमानतळ आणि नवं शहर होणार आहे. त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल द्यायचं ठरलं. बदल्यात झाडं लावायची योजना आखली गेली ती हरयाणात. तेव्हा ज्यांना विषुववृत्ताजवळचं जंगल पाहायचंय पण बोट लागते, त्यांच्यासाठी पुढेमागे दिल्लीहून एका दिवसाची बस निघू शकेल.

शेवटच्या दिवशी नॉर्थ बे. इथे प्रत्येकाच्या खिशातून वीसची जुनी तांबडी नोट निघते. तिच्या पाठीवर याच किनाऱ्याचं, माड आणि दीपगृहाचं चित्र आहे. बोटीत उभं राहून नोट आणि देखावा एका चौकटीत आणायचा. चाळीस माणसं एकाच बाजूला येतात, बोट कलते, खलाशी ओरडतो, नोट उडते. ज्यांच्याकडे जुनी नोट नसते त्यांची फार पंचाईत. ते २०१९ साली आलेली नवी हिरवट-पिवळी वीसची काढून धरतात आणि मग लक्षात येतं, की हिच्यावर माड नाही, दगडाचं देऊळ आहे.

ते वेरूळ आहे. छत्रपती संभाजीनगरपासून तीस किलोमीटर, बोट लागत नाही, पोळी मिळते. आत कैलास लेणं आहे. निघण्यापूर्वी वार तेवढा पाहून घ्या, मंगळवारी बंद असतं.