मामा बनवण्याची कृती

‘त्यापेक्षा घरी केलेलं बरं’ हे आमच्या घराण्याचं ब्रीद आहे. लोकांच्या घराण्यांत तलवारी, सनदा, गेलाबाजार एखादा पडका वाडा तरी असतो. आमच्याकडे चक्का बांधायचा एक जुना पंचा आहे. हॉटेलात मिसळ खाताना आई पहिल्या घासाला ‘बरी आहे’ म्हणते आणि दुसऱ्या घासाला तेवढ्या पैशांत घरी किती माणसं जेवली असती याचा हिशेब मांडते. मसाले घरचे, पापड घरचे, फराळ घरचा. विकतचं ते भेसळीचं, हे आम्हाला मुंजीच्या आधीच कळलेलं. अशा संस्कारांतला माणूस सांगलीहून कॅलिफोर्नियात जाऊन पडला आणि तिथे त्याला एक बिअर मनापासून आवडली, तर पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

बिअरचं नाव ‘प्लिनी द एल्डर’. आम्ही राहतो फ्रीमाँटला. ही बनवणारी ‘रशियन रिव्हर’ ब्रूअरी आमच्या उत्तरेला, सांता रोझाकडे. जात ‘डबल आयपीए’, म्हणजे इंडिया पेल एल, पण दुप्पट जहाल. अल्कोहोल ८ टक्के. पहिल्या घोटाला आधी पपनसाची साल येते, मग चीडाच्या झाडाचा चीक, आणि आपण ‘वा’ म्हणायला तोंड उघडतो तेवढ्यात मागून कडूपणा येतो तो थेट कानशिलापर्यंत. घरी बिअर करणाऱ्यांचं ‘झायमर्जी’ नावाचं मासिक आहे. त्याच्या वाचकांनी २००९ ते २०१६ अशी ओळीने आठ वर्षं हिला अमेरिकेतली सर्वोत्तम बिअर ठरवलं. मग व्हायचं तेच झालं. आमच्याकडच्या दुकानात ती येते मोजकी आणि मिळते माणशी ठरावीक. आता ‘माणशी’ म्हटल्यावर रॉकेलच्या रांगेत बालपण गेलेला माणूस काय करतो? माणसं वाढवतो. मी, बायको, बायकोची मैत्रीण, तिचा नवरा, सगळे रांगेत सुटे सुटे, एकमेकांना न ओळखता.

मूळचे प्लिनी हे पहिल्या शतकातले रोमन गृहस्थ. आरमाराचे अधिकारी. उरलेल्या वेळात जगातल्या यच्चयावत गोष्टींवर ‘नॅचरल हिस्टरी’ नावाचा ३७ खंडांचा ग्रंथ लिहून मोकळे झाले. त्यात एका रानवेलीचा उल्लेख आहे, ती हॉप्सच, असं ब्रूअर मंडळी धरून चालतात. पंडितांना शंका आहे, पण पंडित रांगेत उभे राहत नाहीत. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला, तेव्हा हे काय चाललंय ते बघायला प्लिनी निघाले. घरात बहिणीचा सतरा वर्षांचा मुलगा होता. त्याला म्हणाले, येतोस का? भाचा म्हणाला, नको, मला अभ्यास आहे. मामा पुढे लोकांना वाचवायला म्हणून गेले ते गेलेच. भाचा वाचला आणि त्या प्रसंगावर पत्रं लिहून अजरामर झाला. अभ्यासामुळे जीव वाचल्याचं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही, त्यामुळे हेच मी मुलीला अधूनमधून ऐकवतो. भाच्याच्या नावाचीही बिअर निघते, ‘प्लिनी द यंगर’. आणखी जोरकस, वर्षातून एकदाच, आणि तिच्यासाठी लोक पहाटेपासून फुटपाथवर बसतात. तेव्हा आमच्या घरात पहिल्यापासून नावं पडली ती मामा आणि भाचा.

मामांचं आपल्याशी जुनं भांडण आहे. मिरीत त्या जहालपणाशिवाय घेण्यासारखं आहे काय, आणि तेवढ्यासाठी आपण पार हिंदुस्थानापर्यंत जातो, असा त्रागा त्यांनी ग्रंथात केलेला आहे. हिंदुस्थान दरवर्षी रोमचे ५ कोटी सेस्टर्स गिळतो, ही तक्रार वेगळी. पुढे सतराएकशे वर्षांनी इंग्रजांनी उलटी वरात काढली. कलकत्ता-मुंबईच्या साहेबांसाठी लंडनहून हॉप्स जास्त घातलेली बिअर जहाजातून धाडली, कारण हॉप्स बिअर टिकवतात. तीच पुढे इंडिया पेल एल झाली. तिच्या दुप्पट कडू अवताराला कॅलिफोर्नियात नाव मिळालं ते कुणाचं, तर जिभेच्या चोचल्यांपायी हिंदुस्थानला पैसे जातात म्हणून कुरकुरणाऱ्या गृहस्थाचं. आणि तिच्यासाठी आता पैसे मोजतोय एक सांगलीकर. फिटंफाट.

ही बिअर काढणारे व्हिनी सिलुर्झो. १९९४ मध्ये टेमेक्युलाच्या ‘ब्लाइंड पिग’ या चिमुकल्या ब्रूअरीत पहिलाच हप्ता काढताना त्यांनी हॉप्स दुप्पट घातले. यंत्रं जुनीपुराणी, चव इकडेतिकडे झालीच तर हॉप्सच्या मागे लपावी, हा पोक्त विचार. मामाचा जन्म २००० च्या सुमाराचा, तोही आमच्या जवळच्या हेवर्डमधल्या ‘बिस्ट्रो’ नावाच्या पबने डबल आयपीएंचा मेळा भरवला त्या निमित्ताने. आणि २००९ मध्ये या माणसाने मामाची घरगुती प्रमाणातली कृती ‘झायमर्जी’त चक्क छापून टाकली. वजनं, वेळा, तापमानं, सगळं. मला संशयच आला. आमच्याकडे गोड्या मसाल्याची कृती मागितली तर हसतमुखाने देतात, पण एक जिन्नस गाळून. घेणारीला जन्मभर वाटत राहतं की आपल्याच हाताला चव नाही. म्हणून मी ती कृती गाळलेला जिन्नस शोधत पुन्हा पुन्हा वाचली. सापडला नाही. अमेरिकेबद्दलचा माझा आदर त्या दिवशी वाढला, किंवा सावधपणा तरी.

कायद्याचीही आडकाठी नव्हती. १९३३ मध्ये इथली दारूबंदी उठली तेव्हा घरी वाइन करायला मुभा मिळाली, बिअर मात्र राहूनच गेली. १९७८ मध्ये जिमी कार्टर यांच्या सहीने ते निस्तरलं. घरात एक सज्ञान माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक असतील तर २००. विकायची मात्र नाही. लग्नाचा इतका मापात दाखवता येणारा फायदा दुसरा मला आठवत नाही. बायकोला सांगितलं तर म्हणाली, “माझे शंभर मी तुला माफ केले.” महाराष्ट्रात प्यायलासुद्धा परवाना लागतो. हा छंद मी सांगलीत केला असता तर हा लेख वेगळ्या पत्त्यावरून लिहावा लागला असता.

साहित्य जमलं आणि त्याच सुमाराला सहा महिन्यांसाठी आई आली.

“आईंना जवाचं काहीतरी करतोय म्हणून सांगू,” असं बायकोने ठरवलं होतं. ते एक रात्र टिकलं. मी मित्राला फोनवर सांगत होतो, “उद्या मामाला नव्वद मिनिटं उकळायचाय,” आणि मागे आई उभी.

“कुणाच्या मामाला?”

तिच्या धाकट्या भावाची नुकतीच बायपास झालेली. तिचा चेहरा पाहून मला सगळं सांगावं लागलं. रोम, व्हेसुव्हियस, भाचा, हॉप्स. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे दारू.”

“बिअर.”

“मग तसं सांगावं. जवाचं म्हणे. तुझ्या बाबांचे मित्र कशाला गच्चीवर जायचे, ते मला कळत नव्हतं होय? आणि विरजण कुणाकडचं लावणारेस?”

“यीस्ट. चिकोचं आहे.”

“चिकूचं?”

चिको हे कॅलिफोर्नियातलं गाव, ‘सिएरा नेवाडा’ ब्रूअरीचं, तिथलं यीस्ट अर्ध्या अमेरिकेत वापरतात, हे मी सांगितलं. कुणाचंही न आणता नावाजलेल्या घरचं आणलंय, एवढ्यावर तिचं समाधान झालं.

सकाळी मागच्या अंगणात गॅसची शेगडी मांडली. सहा किलोंच्या वर माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं बार्ली, जाडसर भरडलेलं. ते ६६ अंशांच्या पाण्यात तासभर मुरवायचं; तेवढ्यात पिठूळपणाची साखर होते. त्याचा वासच असा की शेजारचा कुत्रा कुंपणाला नाक लावून बसला. मग रस गाळून घ्यायचा, तो उकळायला ठेवायचा आणि हॉप्स सुरू. हॉप्सच्या हिरव्या गोळ्या येतात, वॉशिंग्टनच्या याकिमा खोऱ्यातून. कोलंबस, सेंटेनिअल, सिमको ही त्यांची नावं. सुरुवातीला घातलेले हॉप्स उकळून कडूपणा देतात, पण त्यांचा सुगंध वाफेबरोबर उडून जातो. म्हणून सुगंधासाठी शेवटी पुन्हा घालायचे. आणि तरी मन भरत नाही म्हणून आंबवून झाल्यावर गारच आणखी एकदा. एवढ्याशा हंड्याला एकूण साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. साध्या बिअरला चाळीस-पन्नासात भागतं. सिमकोचं पाकीट फोडलं तेव्हा मी डोळे मिटून हुंगत बसलो: पपनस, चीड आणि मागे काहीतरी जरा बदनाम. बदनामीचं कारण खरं आहे. हॉप्स आणि भांग एकाच कुळातले. वास गल्लीभर गेला. “शेजारी काय म्हणतील?” ही बायकोची काळजी. शेजारी काही म्हणाले नाहीत. एक जण फक्त खुर्ची घेऊन आला.

उकळ संपली की खरा धर्म सुरू होतो. रस गार झाल्यावर त्याला जे जे शिवेल ते ते निर्जंतुक द्रावणातून काढलेलं हवं. नळी, झाकण, गाळणी, हात. या छंदात बिअर करणं चार आणे आणि धुणं बारा आणे. आई हंड्यावर वाकली तसा मी ओरडलो, “शिवू नकोस!” आणि तिच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं समाधान पसरलं. आमच्या आजीचं सोवळं तिने चाळीस वर्षं सोसलं होतं. “तुला बघायला त्या हव्या होत्या,” ती म्हणाली, आणि दिवसभर ज्याला त्याला “आज तो सोवळ्यात आहे” असं सांगत राहिली. फक्त तांब्याच्या वेटोळ्यातून रस गार करताना नळाचं पाणी वाहून जातंय हे तिला बघवेना. तिने घरातल्या सगळ्या बादल्या आणून लावल्या. त्या पाण्यावर आमची कढीलिंबाची कुंडी आठवडाभर जगली.

आंबायला मामाला विसाएक अंश लागतात, आणि फ्रीमाँटचा उन्हाळा काही त्याला मानायला तयार नव्हता. तेव्हा पाहुण्यांच्या बाथरूममधल्या टबात गार पाणी भरून त्याला बसवला. पहिला दिवस बुडबुडे. दुसऱ्या रात्री धप्प असा आवाज झाला. साखर भरपूर, यीस्ट जोमात, हॉप्सचा गाळ नळीत अडकलेला; झाकण उडून हिरवट फेस टाइल्सवर, आरशावर आणि थोडा छतावरसुद्धा. मी पोचेपर्यंत आई दारात टॉवेल घेऊन उभी होती.

“अरे, मामा उतू गेला!”

मूळ मामांचा अंतही तसाच झाला, हे मी फरशी पुसता पुसता सांगितलं. तिला इतिहासात रस राहिला नव्हता.

पण ते दुसऱ्या रात्रीचं. त्याआधी, रस गाळून झाला त्याच दुपारी, मी माल्टचा चोथा कचऱ्याच्या हिरव्या डब्याकडे नेत होतो, तर तिने बादली धरली. “टाकतोस काय? सहा किलो धान्य आहे हे.” साखर निघून गेलीय, नुसता कोंडा उरलाय, असं मी म्हणालो. कोंड्याचा मांडा कुणाला शिकवतोस, असं तिने नुसत्या डोळ्यांनी विचारलं. पुढचे दिवस आमच्या मागच्या अंगणात जुन्या चादरीवर वाळवण पडलेलं असायचं आणि आई शेजारी खुर्ची टाकून, हातात काठी. खारी कुंपणावरून येत, काठी पाहत आणि परत जात. तिसऱ्या दिवशी खुर्ची घेऊन आलेला तो शेजारीही राखणीला बसायला लागला. त्याला मराठी येत नव्हतं, तिला इंग्रजी बेताचंच; दोघं मिळून खारींवर बोलत. वाळलेलं तिने मिक्सरमधून काढलं, टरफलं दातांत अडकतात म्हणून दोनदा चाळलं आणि सांगलीहून आणलेल्या भाजणीत मिसळून डब्यात भरलं.

बाटल्या भरल्या, टोपणं लावली, वाट पाहिली. विकतच्या मामाच्या बाटलीवर, ठेवून देऊ नका, ताजी आहे तोवर प्या, अशी ताकीद चारी बाजूंनी छापलेली असते. सुगंध हॉप्सचा, आणि तो दिवसांनी विटतो. चांगली वस्तू पाहुण्यांसाठी राखून ठेवणाऱ्या आमच्यासारख्यांवर हा उघड अत्याचार आहे. उपाय एकच, पाहुणेच बोलवावेत.

मंडळाचे पाच-सहा मित्र सहकुटुंब आले. मी एक विकतची बाटली रीतसर रांग लावून मिळवली होती. झाकलेले पेले, एकात ती, एकात घरची. ओळखा. मित्रांपैकी एकाने घोट तोंडात घोळवून, डोळे छताला लावून सांगितलं, डावीकडची अस्सल, हिच्यात एक ठेहराव आहे. डावीकडची माझी होती. दुसऱ्यानेही डावीच निवडली, पण पहिल्याने निवडली म्हणून. उरलेले ताटाकडे वळले होते. कारण आत तव्यावर आईची थालीपिठं सुरू झाली होती, चोथ्याची, कडेने खमंग, वर लोण्याचा गोळा, आणि पेल्यांकडे बघायला कुणालाही सवड उरली नाही.

“मला दे चमचाभर,” आई म्हणाली. सगळे थांबले. तिने जिभेवर घेतलं, डोळे बारीक केले, गिळलं. “ताप आलाय का कुणाला?” मग जरा वेळाने, “विकतचा असाच कडू असतो?”

“अगदी असाच.”

“आणि पडला कितीला?”

शेगडी, हंडा, वेटोळं, हॉप्स मिळून मी आकडा सांगितला. तिने तो बाटल्यांनी भागला, रुपयांत नेला आणि थालीपीठ उलटलं. एवढ्यात सांगलीच्या आख्ख्या गल्लीचा फराळ झाला असता, असं काहीसं पुटपुटल्याचं बायको सांगते. मला ऐकू आलं नाही.

निघताना बायकांनी थालीपिठाची कृती मागितली. आईने हसतमुखाने दिली. चोथा दोनदा चाळायचा असतो, एवढं फक्त सांगितलं नाही. रात्री फोन सुरू झाले. एकीच्या दातांत टरफलं अडकली होती आणि तिला आईच्या हातचंच पीठ हवं होतं. दुसरीने नवऱ्याकरवी निरोप धाडला. मामाची चौकशी एकानेही केली नाही. तो अजून दोन खोके उरलाय, शेजारी येऊन-जाऊन संपवतोय.

काल आई रिकामा डबा घेऊन गॅरेजमध्ये आली. माझ्या मागे उभी राहिली, हंड्यात डोकावली, झाकण लावलं.

“पुन्हा कधी करणारेस?” ती म्हणाली. “शनिवारी कर. आणि या वेळी जव जरा जास्त घाल, सहा जणींनी पीठ सांगून ठेवलंय.”