नदी उजव्या हाताला ठेवून

नदीच्या काठानं चालणारा माणूस चुकत नाही, हे वाक्य मी ज्या आत्मविश्वासानं उच्चारलं, त्या आत्मविश्वासानं आमच्या घराण्यात आजवर फक्त लग्नं ठरलेली आहेत.

बेत साधा होता. औदुंबरला दत्ताचं दर्शन घ्यायचं, नदी ओलांडून भिलवडीच्या बाजूला यायचं आणि कृष्णा उजव्या हाताला ठेवून सांगलीपर्यंत चालत यायचं. कृष्णा सांगलीलाच जाते. तिच्यासोबत आपणही जाऊ. वीस-बावीस किलोमीटरचा पल्ला, डिसेंबरची हवा, वाटेत हिरवंगार शिवार. डॉक्टरांनी रक्तातली साखर बघून रोज चालायला सांगितलं होतं. त्या सल्ल्याची सगळी थकबाकी मी एका दिवसात फेडणार होतो. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला असे हिशेब सुचतात.

सांगलीत अक्काकडे उतरलो होतो. तिला बेत सांगितला.

"औदुंबरला यष्टी जाती की."

"जाते. जाताना एसटीनंच जाणार आहे. येताना चालत."

"का? येताना यष्टी न्हाई?"

दाजींनी पेपरातून डोकं वर न काढता "पैसं नसतील" असा निकाल दिला.

पायी भटकणाऱ्यांची पुस्तकं वाचून माझ्या डोक्यात एक चित्र तयार झालं होतं: लांबवर पसरलेली शेतं, पलीकडे चमकणारी नदी, मधून जाणारी पायवाट आणि पायवाटेवर मी. चित्रातल्या मला टोपी होती, म्हणून टोपी घेतली. काठी घेतली. 'वॉटरप्रूफ' असं छातीठोकपणे लिहिलेले बूट घेतले. टिपणं काढण्यासाठी एक वही दोरीनं गळ्यात अडकवली. या वहीनं पुढे माझा घात केला.

औदुंबरला नृसिंहसरस्वतींनी एक चातुर्मास काढला असं मानतात. घाटावर बसल्यावर त्याचं कारण कळतं. दाट झाडी, खाली संथ पाणी, उठावंसं वाटत नाही. मकरसंक्रांतीला इथं साहित्य संमेलन भरतं. कधीतरी आपल्यालाही बोलावतील आणि कृष्णाकाठच्या पदयात्रेवर बोलावं लागेल, या भीतीनं मी तिथंच वहीत दोन सुंदर वाक्यं लिहून ठेवली. दिवसभरात वहीत गेलेली वाक्यं तेवढीच. मग नावेत बसून पलीकडे भुवनेश्वरीच्या देवळाकडे उतरलो. पदयात्रेची सुरुवात नावेनं झाली, हे तेव्हा खटकायला हवं होतं.

भिलवडी मागे पडली आणि माझ्या चित्रातली पहिली वस्तू नाहीशी झाली. ती म्हणजे नदी. कृष्णा इथं उंच दरडींच्या मधून खोल वाहते. काठावर जाऊन खाली वाकल्याशिवाय दिसत नाही. आणि काठावर जाऊ द्यायला ऊस तयार नव्हता. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. म्हणजे डिसेंबरात तो पुरुषभर उंचीच्या दुप्पट झालेला असतो आणि तोडीची वाट बघत असतो. वर्षातला जो महिना मी निसर्गशोभेसाठी निवडला होता, त्या महिन्यात या खोऱ्यात माणसाला समोरची पाणंद आणि डोक्यावरची आभाळाची पट्टी एवढंच दिसतं. पाणंदीत चाकोऱ्या, दोन्ही बाजूंना ऊस, वळण, पुन्हा ऊस. मधूनच हळदीचा एखादा तुकडा लागे. तेवढ्यापुरतं मोकळं वाटे, वाळत आलेल्या पाल्याचा वास येई, की परत भिंत सुरू. महाराष्ट्रातल्या सगळ्यात सुपीक जमिनींपैकी एका जमिनीतून मी चाललो होतो आणि तिची सुपीकताच मला ती बघू देत नव्हती.

पहिली वस्ती लागली. कुत्र्यांनी रीतसर नोंद घेतली. मागोमाग एक आजी बाहेर आल्या, त्यांनी माझी टोपी बघितली, गळ्यातली वही बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आलासा बाई एकदाचं! बसा, बसा. अगं, च्या ठेव."

खाट आली, पाण्याचा तांब्या आला. ग्रामीण आदरातिथ्याबद्दल वाचलेलं सगळं खरं निघत होतं. मी फक्त चहा बिनसाखरेचा करायला सांगितला.

"बिनसाखरंचा?" आजींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला माझी शरम वाटली. "सभासदाची साखर हाय ती, इकत आणल्याली न्हाई. घाल गं दोन चमचं जादा."

पहिला घोट घेतोय तोवर आजोबा येऊन समोर उकिडवे बसले. "मग, तोड कवा देतासा?"

मला कळेना. "सोळा म्हैनं होऊन गेलं," ते म्हणाले. "तुरं आल्यात. वजन घटाय लागलंय. आमच्या मागनं लागण केलेल्याचा गेला की ऊस!"

तेव्हा उजेड पडला. यांना मी कारखान्याचा चिटबॉय वाटलो होतो. शहरातल्या वाचकासाठी सांगतो: उसाच्या लागणीची नोंद ठेवणारा आणि तोडीची पाळी सांगणारा कारखान्याचा माणूस म्हणजे चिटबॉय. हंगामात त्याचा मान सरपंचाच्या वर. माझं वय, माझं टक्कल टोपीखाली असूनही लपत नाही, तरी कुणीतरी मला बॉय समजलं याचा मला क्षणभर आनंद झाला. तो आवरून मी खुलासा केला की मी कारखान्याचा नाही, सहज चालत निघालोय.

"सहज?" आजोबांनी तो शब्द तोंडात घोळवला. "नवस हाय का?"

"नाही."

"गाडी बंद पडली?"

"गाडी आणलीच नाही."

"मग जमीन बगताय."

"नाही हो. नुसतं चालायला."

आजोबा जरा मागे सरकले. "बँकेच्या वसुलीचं हाय व्हय?"

इथं मी बिचकलो. तीस-एक वर्षं बँकेत काढली की वसुली चेहऱ्यावर उतरते, ती निवृत्तीनंतरही जात नाही. माझं बिचकणं त्यांनी बरोबर टिपलं. दुसरा कप विचारला गेला नाही.

तरीही वाट मात्र त्यांनी मनापासून सांगितली. "असंच खालच्या अंगाला जावा. हीर लागंल, ती सोडायची. म्होरं चिंचंपासनं उजवीकडं वळलं की नदी."

"चिंच मोठी आहे का? लगेच दिसेल?"

"मोठी व्हती. म्हापुरात गेली."

मी हसलो, पण ते हसले नाहीत. घराच्या भिंतीवर ऑइलपेंटची एक तांबडी रेघ होती, ती त्यांनी दाखवली. २०१९ च्या पुरात पाणी तिथवर होतं. त्या वेळी सांगलीत आयर्विन पुलाजवळ नदी ५७ फुटांच्या वर गेली होती, हे मी पेपरात वाचलेलं; पण फूट हे माप पेपरात वेगळं असतं आणि भिंतीवर वेगळं. ही वस्ती उंचवट्यावर होती, आणि रेघ माझ्या टोपीच्याही वर होती.

नसलेल्या चिंचेपाशी मी वळलो की नाही, हे सांगणं अवघड आहे. पण नदी उजव्या हाताला आहे हे पक्कं होतं, म्हणून मी उजवीकडच्या उसात सरळ शिरलो. सरी धरून चालायचं, सरी संपली की नदी. बाहेरून ऊस म्हणजे हिरवा रंग असतो; आतून तो वाळलेला पाचोळा असतो. खाली पाचट, त्यावर पाय पडला की होणारा करकराट दुसऱ्याच कुणाचा तरी वाटतो. पानांच्या कडा कानाची पाळी चिरतात आणि देठांवरची बारीक कुसं कॉलरमधून थेट पाठीत उतरतात. तिथं ती दिवसभर राहतात. आत वारा नव्हता. थोडं पुढे ऊस लोळला होता, म्हणून शेजारची सरी धरली. तिथंही लोळला होता, म्हणून तिसरी. मग कुठंतरी पाणी पाजलेलं होतं, तिथं बुटांना काळ्या मातीचा एकेक तळवा चिकटला आणि माझी उंची चार बोटं वाढली. काठी कधी सुटली ते कळलं नाही. दिशेचा प्रश्न मी सोडून दिला होता, केवळ उजेड दिसेल तिकडे जात होतो. शेवटी उजेड आला, मी हात वर करून बाहेर पडलो, आणि ओळखीची कुत्री भुंकली.

आजोबा खाटेवरच होते. "काय इसरलं काय?" त्यांनी विचारलं.

या वेळी त्यांनी नातीला बरोबर दिलं. शाळेच्या गणवेशातली ती मुलगी अनवाणी पुढे, मी मातीचे तळवे उचलत मागे. मिनिटं मोजावीत इतक्या वेळात तिनं मला दरडीपाशी आणून उभं केलं, "ही नदी" अशी ओळख करून दिली आणि ती निघून गेली.

नदी खरोखर सुंदर होती. मी खाली उतरलो, बूट काढले आणि पाण्यात पाय सोडले. पुस्तकातल्या भटक्यांनी जे जे केलं असतं ते सगळं करायचं ठरलंच होतं. थोड्या अंतरावर एक गडी मोटारीचा फूटव्हॉल्व्ह काढून बसला होता. त्यानं माझ्याकडे न बघता सांगितलं, "पावनं, पाय वर घ्या."

"का? पाणी खराब आहे?"

"पाणी चांगलं हाय. मगर हाय."

मी पाय घेतले. पाय घेताना मीही त्यांच्यासोबत बराच वर गेलो. त्यानं पान्यानं पलीकडचा काठ दाखवला. गाळावर एक ओंडका पडला होता. त्या ओंडक्यानं तोंड उघडं ठेवलं होतं. "ती काय करत न्हाई, उन्हाला बसलीया," तो म्हणाला. ऊन फार झालं की मगर तोंड उघडून अंगातली उष्णता कमी करते, हे मला माहीत होतं. पण माहिती आणि धीर ही दोन वेगळी खाती आहेत. सांगली जिल्ह्यातल्या कृष्णेत मगरी आहेत हेही माहीत होतं. लहानपणापासून ऐकतोय. फक्त त्या बातमीत मी कधी स्वतःला बसवून पाहिलं नव्हतं. "ही एकच आहे का?" मी विचारलं. "दिसतीया ती एकच," तो म्हणाला आणि व्हॉल्व्ह घासू लागला.

त्यानंतर मी नदी उजव्या हाताला ठेवली, पण बऱ्याच लांब ठेवली.

ब्रह्मनाळला येरळा कृष्णेला मिळते, हे शाळेत पाठ केलं होतं. ती डावीकडून मिळते, म्हणजे मला आडवी येणार, हे मात्र प्रत्यक्ष आडवी आल्यावर लक्षात आलं. येरळा येते खटावच्या दुष्काळी मुलखातून, त्यामुळे ती कोरडीच असणार असं मी गृहीत धरलं. संगमाजवळ कोरड्या दिसणाऱ्या गाळावर डावा पाय ठेवला, तो गुडघ्यापर्यंत गेला. उजवा सोडवायला पाठवला, तोही गेला. ओणवं होऊन, टोपीसकट, मी परत काठाला लागलो. बूट वॉटरप्रूफ असल्याची इथं खात्री पटली: आत गेलेलं पाणी शेवटपर्यंत बाहेर आलं नाही.

पूल वरच्या अंगाला होता. तिकडे निघालो तेव्हा दिवस कलला होता आणि मागून दुधाचे कॅन भरलेला टेम्पो आला. मी हात केला नाही; टेम्पो आपणहून थांबला. मी कॅनांच्या मध्ये नव्हे, पुढं बसलो, आणि त्या उदार ड्रायव्हरची सीट पोळ्याच्या बैलासारखी रंगवली. त्यानं मला नीट निरखलं.

"काका, चालत? एवढ्या लांब? घरात भांडण झालंय व्हय?"

हवा, निसर्ग, रक्तातली साखर हे सगळं पुन्हा सांगायची ताकद नव्हती. "हो," मी म्हणालो. तो खुलला. नांद्रे येईपर्यंत त्यानं मला बायकोशी कसं वागावं हे समजावून सांगितलं, आणि मला उतरवल्यावर खिडकीतून हात बाहेर काढून, आधी फोन करून मगच घरी जायला बजावलं. फोन काढला तर त्यात दिवसभराची पंचवीस हजारांवर पावलं जमा झाली होती. मधल्या वेळात मी औदुंबरपासून सरळ रेषेत जेमतेम सात-आठ किलोमीटर पुढे सरकलो होतो. नांद्र्याहून अक्काकडे एसटीनं गेलो.

तुम्हाला जायचं असेल तर मार्चअखेर जा, आणि पहाटे निघा. तोवर कारखान्यांचा हंगाम आटोपत आलेला असतो, रानं मोकळी होतात आणि काठावरून कृष्णा दिसते. गळ्यात वही अडकवू नका. जुन्या चपला घाला. पाण्यात पाय सोडू नका. चहा देतील तो साखरेसकट घ्या. आणि कुणी विचारलं, "चालत का?", तर भांडण झालंय म्हणू नका, त्यावर सल्ला मिळतो. नवस आहे म्हणा. पुढचं कुणी विचारत नाही.