बर्फाची हजेरी

(रंगमंचावर एक टेबल, एक लॅपटॉप आणि लाल कापडी बांधणीची जाडजूड वही. मागच्या दोरीवर थर्मलची जोडी वाळतेय. कलाकार गळ्यातल्या मफलरनं घाम पुसत येतो.)

डोंबिवली पूर्व, फेब्रुवारी 2025. पंखा पाचवर असूनही वारा काही लागत नाही. आणि अशा दुपारी या दोन खोल्यांच्या घरात वाद पेटलाय तो उणे 5 अंशांत अंगात किती कपडे घालायचे यावर. आई म्हणते, दोन स्वेटर. मावशी म्हणते, तीन. आजीचं मत असं की एवढी थंडी असेल तर माणसानं घराबाहेर पडूच नये.

वादाचं कारण घरातला धाकटा. वय 27, बी.कॉम., चार वर्षं एक्सेलच्या रकान्यांत रुतलेला. बर्फाचा पूर्वानुभव म्हणाल, तर कुर्ल्याच्या मॉलमध्ये भाड्याचं जॅकेट घालून काढलेला एक फोटो. हे चिरंजीव जून ते ऑक्टोबर एका स्कीच्या गावात राहून काम करणार आहेत. कुठे? ऑस्ट्रेलियात.

(शेजारच्या काकूंच्या आवाजात) "ऑस्ट्रेलियात कुठला मेला बर्फ? तिथे कांगारू असतात ना?"

असतात की. कांगारूही असतात आणि बर्फही असतो. न्यू साउथ वेल्समध्ये स्नोई माउंटन्स नावाची डोंगररांग आहे. तिच्यात थ्रेडबो आणि पेरिशर ही स्कीची ठिकाणं आणि खाली तळ्याकाठी जिंडाबाइन हे गाव. लोक तिथे चक्क निलगिरीच्या जातीच्या झाडांमधून स्की करत खाली येतात. रांगेतलं, आणि देशाच्या अख्ख्या मुख्य भूमीवरचंही, सर्वांत उंच शिखर कॉझिअस्को, 2,228 मीटर. मावशीनं लगेच मोबाइल काढून कळसूबाई शोधली. 1,646. "म्हणजे 582 मीटरसाठी एवढा खर्च?" मग मामांनी गुलमर्ग शोधलं. गुलमर्गचं नुसतं गावच 2,650 मीटरवर. म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावर उभं राहिलं तरी गुलमर्गचा बाजार वरच. धाकटा गप्प. उंचीवर तो हरला होता, पण व्हिसा त्याच्या हातात होता.

तो व्हिसा कसा मिळाला, ते ऐका. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार डिसेंबर 2022 मध्ये लागू झाला. त्यात कोळसा, कापड, वाइन असा थोरामोठ्यांचा माल होता आणि एका कोपऱ्यात धाकट्याची सोय होती. 18 ते 30 वयाच्या 1,000 भारतीयांना दरवर्षी 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा. वर्षभर फिरा आणि फिरण्याच्या खर्चापुरतं काम करा. पण निवड सोडतीनं. ऑक्टोबर 2024 मध्ये पहिली नोंदणी उघडली आणि दोन आठवड्यांत 40 हजारांच्या आसपास अर्ज. नोंदणीचे 25 डॉलर, आणि पॅन कार्ड पाहिजे. म्हाडाच्या सोडतीत पिढ्यान्‌पिढ्या नाव न लागलेलं हे घराणं. बाबांनी भागाकार केला, चाळिसात एक. "विसर," म्हणाले.

आणि लागला की हो! ईमेल आला तेव्हा आई देवापुढे साखर ठेवायला धावली आणि बाबा पासबुक शोधायला. व्हिसाची फी 650 डॉलर. शिवाय खात्यात 5,000 डॉलर दाखवायचे, म्हणजे पावणेतीन लाख. बाबा ठाम होते, हा पोरखेळ आहे. मग त्यांना कोणीतरी सांगितलं की तिथे बर्फातल्या कामगारांसाठी वेगळा वेतन-निवाडा आहे.

(कलाकार चष्मा चढवतो, सावकाश वही उघडतो.)

इथे बाबांची ओळख करून द्यायला हवी. रेल्वेच्या परळ वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे संघटनेच्या शाखेचे माजी सचिव. निवृत्तीनंतर या माणसाला भांडायला कुणी उरलं नव्हतं. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून बोलून बोलून आवाज फुकट चालला होता. आणि आता त्यांच्या हातात आला 'अल्पाइन रिसॉर्ट्स अवॉर्ड 2020'. त्यात हंगामी कामगार म्हणजे कोण, रोजंदारीवाला कोण, स्की शिकवणाऱ्यांची वर्गवारी कशी, सगळं कलमवार. रात्रीचे दोन वाजले तरी बाबांच्या खोलीतला दिवा चालू. आईला वाटलं, तब्येत बिघडली. आत जाऊन बघते तर हा माणूस लाल पेनानं खुणा करतोय आणि गालातल्या गालात हसतोय.

दुसऱ्या दिवशी वहीत पहिली नोंद पडली. किमान वेतन तासाला 24 डॉलर 10 सेंट. डॉलरला 55 रुपये धरून सव्वातेराशे. रोजंदारीवर असाल तर वर 25 टक्के, कारण रजा मिळत नाही. आई म्हणाली, "तासाला? दिवसाला असेल." बाबांनी आकड्याखाली दोन रेघा मारल्या. मग कर. या व्हिसावाल्यांना पहिल्या डॉलरपासून 15 टक्के. 45 हजार डॉलरपर्यंत हाच दर, करमुक्त सूट नाही. बाबांनी ओठ मुडपले, पण सोसलं.

सोसलं नाही ते पुढचं. तिकडे आपल्या पीएफसारखा सुपरॲन्युएशन नावाचा फंड असतो. मालक पगाराव्यतिरिक्त साडेअकरा टक्के भरतो, जुलै 2025 पासून बारा. उत्तम. देश सोडताना ते पैसे मागता येतात. अतिउत्तम. आणि या व्हिसावर असलेल्याला ते पैसे देताना सरकार कर कापतं... 65 टक्के.

(मोठा पॉज. वही बंद. वही पुन्हा उघड.)

"पासष्ट?" बाबा उठले. गॅलरीत गेले. परत आले. "पीएफवर पासष्ट टक्के? आमच्या वेळी असं कुणी नुसतं बोललं असतं तरी आम्ही गेट बंद केलं असतं!" धाकटा सांगतोय की बाबा, मी चारच महिने जाणार, रक्कम ती केवढी असणार. बाबा म्हणाले, प्रश्न रकमेचा नाही. मुलगा बर्फासाठी चालला होता आणि बाप त्याला आंदोलनासाठी पाठवायला निघाला होता, इथून पुढे तयारी खऱ्या अर्थानं जोरात सुरू झाली.

तारखांनीही बाबांना साथ दिली. तिथला हंगाम राजाच्या वाढदिवसाच्या जोडसुट्टीला उघडतो. तो वाढदिवस जूनच्या दुसऱ्या सोमवारी, मग राजा जन्मलेला असो केव्हाही. हंगाम संपतो ऑक्टोबरातल्या पहिल्या सोमवारच्या सुमारास, आणि तो दिवस कुठला? त्या राज्याचा कामगार दिन! आठ तासांच्या दिवसाच्या लढ्याची आठवण. बाबांचा ऊर भरून आला. शिवाय यंदा राजाचा वाढदिवस 9 जूनला, आणि 10 जून 1890 ला नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. "बघ," बाबा म्हणाले, "योग आहे." पत्रिकेवर विश्वास न ठेवणारा माणूस!

आजीला मात्र या कशातच रस नव्हता. तिनं एकच विचारलं, गाव कसं आहे. धाकट्यानं तळ्याचा फोटो दाखवला. निळंशार पाणी, मागे पांढरे डोंगर. सांगून गेला की आजी, जुनं जिंडाबाइन या पाण्याखाली आहे. वीज आणि पाण्याच्या प्रकल्पासाठी धरण बांधलं, 1960 च्या दशकात सगळं गाव वर हलवलं. आजीचं माहेर कोयनेच्या पाण्यात गेलेलं. तिनं फोटो हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला.

"जमिनीला जमीन मिळाली का त्यांना?"

धाकट्याला उत्तर येईना. बाबांनाही येईना, म्हणून बाबांनी प्रकल्पाची माहिती काढली. 1949 ते 1974, तीसहून जास्त देशांतले एक लाखावर कामगार, निम्मं जग युद्धातून पळून आलेलं. बोगदे, धरणं, वीजघरं. कामावर 121 जण गेले. हा आकडा बाबांनी वहीत लिहिला आणि त्याच्याखाली रेघ मारली नाही.

आता राहायचं कुठे? स्कीच्या गावात बर्फापेक्षा दुर्मीळ गोष्ट म्हणजे खोली. मालकानं स्टाफची जागा दिली तर नशीब. नाहीतर घर शोधा, आणि घर म्हणजे घर नव्हे, एका खोलीत चौघं, भाडं बऱ्याचदा अख्ख्या हंगामाचं. धाकटा घाबरला. मामा मात्र खूश, म्हणाले, "अरे, हे तर कॉट बेसिस! मी गिरगावात सात वर्षं काढली." आणि मामांनी पलंग खिडकीजवळचा घ्यावा की दाराजवळचा यावर अर्धा तास व्याख्यान दिलं. शेवटी ठरलं, जागेची सोय असलेलाच मालक बघायचा.

धाकट्यानं घरच्यांना धीर देण्यासाठी एका प्राण्याची गोष्ट सांगितली. माउंटन पिग्मी पॉसम. मुठीत मावेल एवढा, बर्फाखाली खडकांच्या फटीत महिनोन्‌महिने झोपून राहतो. शास्त्रज्ञांना तो फक्त जीवाश्मावरून माहीत होता, नामशेष झाला असंच धरून चालले होते. आणि 1966 मध्ये जिवंत सापडला कुठे? व्हिक्टोरियात, माउंट हॉथमवरच्या एका स्की लॉजमध्ये! म्हणजे जगातून गेलेल्यालाही लॉजमध्ये जागा मिळते. आई म्हणाली, "त्याला भाडं नसेल रे."

(कलाकार टेबलाखालून बूट काढतो आणि दातांच्या ब्रशनं तळवे घासायला लागतो.)

हे कळसूबाईचे बूट. ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर बुटाला परदेशी माती चालत नाही, म्हणून आईनं हे काम हाती घेतलंय. बुटांचं जमलं, पण खाऊचं जमेना. बिया नाहीत, दुधाच्या मिठाया नाहीत, पेढे नाहीत, बर्फी नाही. बर्फाच्या गावी बर्फी न्यायला बंदी, यावर मावशी चार दिवस हसत होती. जे नेशील ते आधी जाहीर कर, लपवलंस तर दंड, अशी तंबी मिळाली. आईनं निमूटपणे डबे परत फडताळात लावले आणि मसाल्याच्या पुडीवर मार्करनं लिहिलं, 'जाहीर'.

एवढं सगळं वहीत बसलं. बसत नव्हता तो एकच जण, बर्फ. उद्घाटनाच्या सुट्टीला भाषणं होतात, फटाके होतात, आणि कित्येकदा उतारावर गवत असतं. मग कृत्रिम बर्फाच्या तोफा लावायच्या, पण त्यांनाही हवा पुरेशी थंड आणि कोरडी लागते. बर्फ नाही तर लिफ्ट बंद, लिफ्ट बंद तर रोजंदारीवाल्याची पाळी रद्द. बाबांनी जुनी हजेरी मागवली. स्पेन्सर्स क्रीक नावाच्या जागी 1954 पासून बर्फ मोजतात. 1981 चा उच्चांक 361 सेंटिमीटर. 2006 साली, सगळा हंगाम मिळून, सर्वांत जाड थर 85. बाबांनी आलेख काढला, लांबून पाहिला, आणि निकाल दिला, "बर्फ कायम नाही. बर्फसुद्धा हंगामी आहे. पहिल्या चार आठवड्यांचा खर्च हातात ठेवूनच निघायचं." या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा सल्ला ज्यानं बर्फ फक्त मासळी बाजारात पाहिला, त्यानं दिला.

आणि मग मुलाखत. एका रिसॉर्टची, व्हिडिओवर, तिकडे सकाळचे साडेनऊ म्हणजे इकडे पहाटेचे चार. त्याच वेळी सोसायटीचा पंप सुरू होतो. धाकटा वर शर्ट-टाय, खाली बर्म्युडा. बाबा लॅपटॉपच्या मागे स्टुलावर, हातात कालनिर्णयचं पाठकोरं पान आणि मार्कर.

पडद्यावरच्या बाईंनी गोड हसून विचारलं, काम लिफ्टवरचं आहे. पहाटे फावड्यानं बर्फ सारखा करायचा, खुर्च्यांवरचा बर्फ झाडायचा, मग दिवसभर माणसं बसवायची. खुर्ची थांबत नाही, मागून येते, लोक गोंधळतात. गर्दीचा अनुभव आहे का?

(कलाकार छाती फुगवतो.)

"मॅडम, मी नऊ वर्षं डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडतो. गाडी थांबायच्या आत."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मूल पडलं तर काय कराल? लिफ्ट थांबवीन, आधी लिफ्ट, मग मूल. बरोबर. थंडी सोसेल का? इथे त्यानं पंखा बंद केला आहे असं खोटं सांगितलं नाही, नुसतं हो म्हणाला. सगळं सुरळीत. शेवटी बाईंनी विचारलं, तुमचे काही प्रश्न?

लॅपटॉपच्या मागून कालनिर्णय वर आलं. 'रविवारच्या कामाचा दर काय?'

धाकट्यानं डोळ्यांनी नको म्हटलं. कालनिर्णय हललं. धाकट्यानं विचारलं. बाई थबकल्या. मग म्हणाल्या, चांगला प्रश्न आहे, हे मला एचआरला विचारावं लागेल. धाकटा माइक बंद करून दबक्या आवाजात ओरडला, "बाबा, तुम्ही तर अख्खं वाचलंय ना ते! तुम्हाला माहीत आहे!"

"मला माहीत आहे रे. त्यांना माहीत आहे का, ते बघतोय."

माइक चालू. बाई म्हणाल्या, मी चौकशी करून सांगते. मागे कालनिर्णयचं पान उलटलं. त्या बाजूला जून महिना होता, आणि सोळा तारखेपासून तीस तारखेपर्यंत आडवं, लाल मार्करनं एकच अक्षरओळ:

'लेखी कळवा.'

(अंधार.)