बॉनेटवर हात ठेवून बघा

स्टुटगार्ट,
रविवार दुपार

ती. बाबा आणि सौ. आई यांस,


पार्सल मिळालं. म्हणजे आधी चिठ्ठी मिळाली, की पार्सल कस्टममध्ये आहे, येऊन आमच्यासमोर उघडा. शुक्रवारी अर्धी रजा टाकून गेले. काउंटरपलीकडच्या साहेबांनी कटर माझ्याच हातात दिला. आईने सुतळीवर सेलोटेप आणि सेलोटेपवर पुन्हा सुतळी असं जे काही आवळलं होतं, ते सोडवेपर्यंत ते वीस मिनिटं हूं की चूं न करता उभे होते. मग एकेक वस्तू. हे काय? सांडगी मिरची. कशी खातात? तळून. हे काय? हिंग. डबी त्यांनी स्वतः उघडून नाकाशी नेली आणि त्यानंतर कुठल्याच वस्तूचा वास घेतला नाही. भाजणीची किंमत विचारली. ४५ युरोपर्यंतच्या भेटीवर कर नाही, म्हणून मी घाबरून ‘दोन युरो’ म्हणाले. आई, माफ कर. तुझ्या भाजणीची इतकी बेअब्रू आत्याने पण कधी केली नसेल. तूप आणि पेढे मात्र गेले. दुधाचं काही बाहेरून आणायचं नाही असा इथला नियम आहे, आणि नियमापुढे आजीच्या हातचं तूपही चालत नाही.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे दोन युरोच्या भाजणीची इथे जेवढी तपासणी झाली, तेवढी तुम्ही सव्वातीन लाखांच्या गाडीची केली नाहीत असं कळलं.

काल रात्री आईचा फोन आला. तुमचे साडेअकरा. आई साडेअकराला जागी म्हणजे एकतर कुणीतरी गेलं, नाहीतर बाबांनी काहीतरी घ्यायचं ठरवलं. बंड्याच्या मित्राकडे डिझायर आहे, डिझेल, २०१४ची, एमएच-०५, फर्स्ट ओनर, ५८ हजार किलोमीटर, आणि ‘डॉक्टरांची गाडी’. बाबा! पुन्हा डॉक्टर? आपली पद्मिनीसुद्धा डॉक्टरांचीच होती. ते ढोरांचे डॉक्टर निघाले आणि आपण गणपतीपुळ्यापर्यंत बोकडाच्या वासात गेलो, हे विसरलात की काय? आई म्हणाली, तुम्ही गाडीवाल्याला एकच प्रश्न विचारलात, डिकीत बॅगा किती मावतात. एवढंच! इंजिन राहिलं बाजूला.

जरा थांबा. जिना झाडून येते. इथे इमारतीचा जिना रहिवाशांनी पाळीपाळीने झाडायचा असतो. आपल्या दाराला पाटी लागली की आठवडा आपला. आमच्या पाटीचा आज शेवटचा दिवस, आणि खालच्या मजल्यावरच्या आजी दार किलकिलं करून बघत असतात. आपल्या सोसायटीत ही पाटी लागली असती तर रिडेव्हलपमेंटइतकीच वर्षं तिच्यावर मीटिंगा झाल्या असत्या.

आले. तर ऐका, आणि हे आईकडून मोठ्याने वाचून घ्या.

पहिलं गणित. ११ वर्षांत ५८ हजार, म्हणजे दिवसाला सुमारे १४ किलोमीटर. एवढंच फिरायचं असेल तर माणूस पेट्रोलची घेईल. नवीन घेताना डिझेल महाग पडतं, आपल्याकडे रोड टॅक्सही डिझेलला जास्त लागतो. ते जास्तीचे पैसे रोजच्या धावण्यातूनच वसूल होतात. तेव्हा एकतर हे डॉक्टर फार हौशी, नाहीतर मीटर मागे केलेला. मीटर खोटं बोलतो, पण क्लचच्या पेडलचं रबर बोलत नाही. ते गुळगुळीत झालंय का बघा, स्टिअरिंगची कातडी चकाकते का, ड्रायव्हरची सीट एका बाजूला खचलीय का. टायरच्या कडेला चार आकडे असतात. १९२३ असेल तर तो २०२३च्या एकोणिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. आणि आरसीवर नीट बघा, ही गाडी कधी पिवळ्या पाटीवर तर नव्हती ना. डिझायर म्हटलं की निम्मं कल्याण स्टेशन टॅक्सीतच बसलेलं असतं.

दुसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. गाडी बघायला सांगून जाऊ नका. सांगून गेलात की तो आधीच गाडी चालू करून गरम ठेवतो, आणि गरम इंजिन सगळ्यांशीच गोड वागतं. सकाळी सातला जाऊन आधी बॉनेटवर हात ठेवा. थंडगार असेल तरच पुढचं बोलणं. तुम्हाला हे शिकवायला नको खरं तर. अमोघचं स्थळ आलं तेव्हा तुम्ही न सांगता ठाण्याला सकाळी साडेसातला टपकला होतात, आणि जावईबापू गंजीफ्रॉकवर दूध आणायला निघालेले सापडले. ‘थंड असताना कसा सुरू होतो ते बघितलं,’ असं घरी येऊन म्हणाला होतात. तेच आता गाडीला लावा.

चावी फिरवली की फार न रखडता सुरू व्हायला हवी. सुरू होताना बंड्याला मागे सायलेन्सरपाशी उभा करा. काळ्या धुराचा एखादा भपका चालेल, पण कायम काळा म्हणजे इंजेक्टर नाहीतर हवेचा फिल्टर. निळा म्हणजे इंजिन ऑइल पितंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबला नाही तर नमस्कार करून परत या. पहिले काही सेकंद आतून साखळी खडखडल्यासारखा आवाज आला तर टायमिंग चेनचं काम जवळ आलंय. मग इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडायला सांगा. झाकण नाचायला लागलं, आतून इडलीपात्रासारखी वाफ आली, की मेकॅनिक म्हणेल ‘बॅक कम्प्रेशन मारतेय’. या तीन शब्दांची किंमत अर्धं इंजिन असते. ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेलचं ऑइल काळंच असतं. दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर घाबरा, त्यात पाणी शिरलंय.

तुम्हाला एक गंमत सांगते. डिझेलच्या डिझायरमधलं १२४८ सीसीचं इंजिन मुळात फियाटचं. स्विफ्टमध्ये तेच, टाटाच्या व्हिस्टामध्ये तेच. म्हणजे पद्मिनी भंगारात गेली तरी फियाट काही आपलं घर सोडायला तयार नाही. मारुतीने २०२०मध्ये डिझेल बनवणंच थांबवलं, तेव्हा अशी गाडी आता जुनीच मिळणार. बंड्या नवी बीएस-६ डिझेल सुचवतोय, त्याला म्हणावं गप्प बस. तिच्यात काजळीची गाळणी असते. ती साफ व्हायला गाडी काही वेळ सलग वेगात पळावी लागते. डोंबिवलीत सलग पंधरा मिनिटं चालणारा फक्त पाऊस.

पावसावरून आठवलं. गाडी बदलापूरकडून आलीय म्हणे. २७ जुलै २०१९ आठवतो ना? वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात उभी होती, आणि तुम्ही टीव्हीपुढून उठत नव्हतात. त्या पाण्यात कितीतरी गाड्या बुडाल्या, मग धुऊन-पुसून, अत्तर मारून विकायला आल्या. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा. चिखलाची रेघ वरच्या भागात पुसतात, आतल्या टोकाला ती राहून जाते. पायाखालचं कार्पेट उचला, सीटखालचे स्क्रू गंजलेत का बघा. बॉनेट उघडल्यावर पुढच्या चाकांवरचे पत्रे, म्हणजे अ‍ॅप्रन, दोन्हीकडे सारखे हवेत. एकाच बाजूला नवीन वेल्डिंग दिसलं तर गाडी पुढून ठोकलेली आहे.

चालवून बघाल ती फडके रोडवर नको. तिथे गाडी नाही, माणसाचा संयम तपासला जातो. शीळफाट्यावरून मुंब्रा बायपासच्या चढाला न्या, तिसऱ्या गिअरमध्ये. दोन हजार आरपीएमपर्यंत ही गाडी झोपलेलीच असते, तो तिचा स्वभाव. त्यानंतर मात्र पाठीत धक्का बसून ओढली पाहिजे. ओढली नाही, किंवा नुसतीच शिट्टी वाजली, तर टर्बो दाखवून घ्या. इंजिनचा आवाज चढतोय आणि वेग तोच, म्हणजे क्लच गेला. नौपाड्यातल्या आपल्या मिस्त्रींना बरोबर न्या. त्यांच्या हातावर हजार रुपये ठेवा आणि ते काय म्हणतात ते ऐका. ‘मला कळतं त्यातलं’ हे वाक्य घरी ठेवून जा.

मेव्हणे दिल्लीची गाडी स्वस्तात आणून देतो म्हणतायत, त्यांना गोड बोलून टाळा. हरित लवादाने २०१५मध्ये दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, तेव्हापासून तिकडच्या गाड्यांना पाय फुटलेत. पण स्वस्त गाडीमागे एनओसी, इथला टॅक्स पुन्हा, नवा नंबर आणि कल्याण आरटीओच्या खेपा येतात. तशी इथेही तीच रड आहे. ज्या गावात मर्सिडीज जन्मली त्या स्टुटगार्टमध्ये २०१९पासून जुन्या डिझेल गाड्यांना बंदी. गाडी यांनीच बनवायची आणि यांनीच वेशीवर अडवायची! मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८पासून भगिनी-शहरं आहेत म्हणतात. वळण सारखंच दिसतंय.

आणि गाडी महाग वाटत असेल तर जावईबापूंच्या लायसन्सचं ऐका. आपलं लायसन्स इथे सहा महिने चालतं. नंतर ठाणे आरटीओचा तो कागद म्हणजे फक्त फोटो. डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा वर्ग, लेखी परीक्षा आणि मग प्रत्यक्ष परीक्षा. घोडबंदर रोडवर बारा वर्षं गाडी चालवलेला माणूस पहिल्या फटक्यात नापास झाला! का, तर वळताना मान फिरवून खांद्यावरून मागे बघितलं नाही. आरशात बघितलं म्हणाला. परीक्षक म्हणाले, आरसा आरशाच्या जागी, मान मानेच्या जागी. त्यानंतर तीन आठवडे हा माणूस घरात स्वयंपाकघरातून हॉलमध्ये वळतानासुद्धा खांद्यावरून मागे बघत होता.

सगळं मिळून २२०० युरो. शंभराने गुणा. नका गुणू, आईचं ब्लडप्रेशर आहे. म्हणजे तुमच्या अख्ख्या गाडीच्या दोन-तृतीयांश किमतीत आमच्याकडे एक प्लॅस्टिकचं कार्ड आलं. आणि पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे शिकायला मिळालं. मानपाडा रोडवर हे केलं तर माणूस उजवीकडच्यांना जाऊ देत देत निवृत्त होईल.

कुकर झाला. उरलेलं पटकन.

कागद: परिवहनच्या अ‍ॅपवर नंबर टाकून कर्जाचा बोजा आहे का बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका. ई-चलनं त्याच्याकडून भरून घ्या, डॉक्टरांचे सिग्नल तुम्ही का फेडायचे? चासी नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. नवी नंबरप्लेट बसवलीय ना तेही. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आणि ताबा घेतल्याची तारीख-वेळ लिहून घ्या. विमा चौदा दिवसांत नावावर करायचा. त्यांचा नो क्लेम बोनस त्यांच्याबरोबर जातो, तुम्हाला मिळत नाही, एजंट काहीही म्हणो. आणि २०१४ची गाडी म्हणजे २०२९ला पंधरा वर्षं भरतील, मग पुन्हा पासिंग.

आईच्या बातम्यांची उत्तरं: आत्याच्या सुनेने मंगळागौरीला जीन्स घातली तर आत्याने फुगडी तरी सोपी गेली असं समजावं. बंड्याला मुलगी पसंत आहे की नाही हे त्याला विचारा, मला नको. तळमजल्यावरच्या काकांची स्कूटर जांभळाच्या झाडाखालून हलणार नाही हे मला माहीत आहे. मग गाडी कुठे उभी करणार, हे तुम्ही अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आणि आई, गुडघा दाखवलास का? ‘बरा आहे’ हे उत्तर चालणार नाही. तुझ्या गुडघ्यालाही थंड असतानाच तपासायला हवं.

आता शेवटचं. मी काल रात्रभर तुमच्यावर चिडले होते, की माणूस गाडी घ्यायला जातो आणि नुसती डिकी विचारतो. पहाटे साडेचारला लक्षात आलं. डिसेंबर. तुम्ही डिकी आमच्यासाठी विचारत होतात. गेल्या वेळी सहारला टॅक्सीवाल्याने जास्त बॅगांचे पैसे मागितले आणि तुम्ही पार्किंगमध्ये अर्धा तास भांडलात, ते मनातून गेलेलं नाही तर.

बाबा, त्या डिझायरची डिकी ३१६ लिटरची आहे, मी बघितलं. आमच्या तिघांच्या सहा बॅगा तिच्यात जन्मात मावणार नाहीत. तेव्हा असं करू. बॅगा आणि जावईबापू टॅक्सीने. त्यांना मान वळवून मागे बघायची सवय आहे, बॅगांवर लक्ष राहील. सोन्या आणि मी तुमच्या गाडीत. एसी लावू नका. ऐरोलीच्या पुलावर काच खाली करा, मला खाडीचा वास हवाय. इथे चार वर्षांत नाक कशालाच मुरडलं नाही.

बॉनेटवर हात ठेवायला विसरू नका.

तुमची,
चिमी

ता. क. चकल्या सोन्याने संपवल्या. कस्टमच्या साहेबांना एक दिली होती. त्यांनी ती खाल्ली, दोन क्षण थांबले, आणि शिक्का मारला.